पाणकावळा विरुद्ध वटवाघूळ

३ मार्च
साहेबांनी बोलावलं. पुढच्या वर्षी संग्रहालयात एकाच प्राण्याच्या संवर्धनाचा प्रोजेक्ट, म्हणजे कायमची पोस्टही एकच. माझा पाणकावळा की बाईंचं वटवाघूळ? दोघांनीही तुलना करून रिपोर्ट द्यायचा. बाई म्हणजे माझीच जुनी विद्यार्थिनी. वाईट वाटलं बिचारीचं. माझं कंत्राट महिनाअखेर संपतंय, पण ही निव्वळ फॉर्मॅलिटी.

५ मार्च
हिला सांगितलं, पोस्ट झालीच समज. म्हणाली, गेल्या खेपेलाही झालीच होती. हिच्याशी सायन्सवर बोलायचं नाही असं ठरवलं.

९ मार्च, सकाळ
वर्गीकरण लिहून संपवलं. पाणकावळा: पक्षी. चोच, पिसं, अंडी, सगळं रीतसर. वटवाघूळ: उडतं, पण पिलाला दूध पाजतं, म्हणून सस्तन. म्हणजे उंदीर, गाय आणि आमचे मेहुणे यांच्या पंगतीत. धड ना इकडचं, धड ना तिकडचं!

१४ मार्च
संवर्धन. पाणकावळा 'चिंता नाही' गटात. गटारातही मासे मारतो, खांबावर पंख वाळवतो, संख्या वाढतेच आहे. वटवाघूळ धोक्यात. जुन्या बोगद्यात उरलीत तेवढीच, तीही घटतायत. ठळक टाइप केलं: 'पाणकावळा स्वतःच्या पायावर उभा आहे.' बुडत्या बँकेत कोण पैसे ठेवतं?

बाईंनी रिपोर्ट वाचला. म्हणाल्या, सर, हे जरा बदला, पाणकावळ्याची घरटी असलेली झाडं तोडतायत, ते लिहा. लबाड! माझीच बाजू लंगडी करायला निघाल्या. नाही बदललं.

२२ मार्च
साहेब म्हणाले, रिपोर्ट फर्स्ट क्लास, शंकाच उरली नाही. प्रोजेक्ट वटवाघळाला. पाणकावळ्याला कुणाची गरज नाही हे तुम्हीच सिद्ध केलंत. मी म्हटलं, झाडं तोडतायत. म्हणाले, रिपोर्टात नाही.
उभं आयुष्य घातलं त्या पाखरापायी. मेलं जरा धोक्यात यायचं होतं की!

२४ मार्च
वरपर्यंत तक्रार करणार. मुद्दे तयार आहेत. पाठवायची का, ते बघू.
बाईंनी साहेबांकडे शब्द टाकलाय म्हणे. संध्याकाळी बोगद्यातून बाहेर पडणारी वटवाघळं मोजायला सरांना ठेवा. कुणाचे उपकार नकोत मला. फारच आग्रह झाला तर विचार करीन.

२९ मार्च
मोजायला मशीन आणलं.

२ एप्रिल
हिला अजून सांगितलेलं नाही. सकाळी नेहमीसारखा डबा हातात दिला, लवकर या म्हणाली. तळ्याकाठी बसून खाल्ला. ऑफिस सुटायच्या वेळेपर्यंत घरी जाता येत नाही.