मीच लिहिलेलं माझं शिफारसपत्र

तीर्थस्वरूप मामांना साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त मनातल्या मनातच घातला असं समजावं.) तुमचा गुडघा कसा आहे? मामीने जिन्यावर जायची बंदी घातली म्हणे, ती पाळताय ना?

तुम्ही विचारलंत, गोगलगायींवर डॉक्टरेट होऊन वर्ष झालं, आता नोकरीचं काय? मामा, आमच्यासारख्यांसाठी विद्यापीठांत जागा निघतात. पाटी संशोधकाची, मुदत अकरा महिन्यांची, पुढचं निधी आला तर. वय बत्तीसच्या आत हवं आणि अनुभव इतका मागतात की तो घ्यायला पाळण्यातच सुरुवात करायला हवी होती. तरी मी अर्ज केला, कारण इथली माझी मुदत महिनाअखेर संपते आणि नंतर कुठे जायचं ते मला ठाऊक नाही. (माझ्या बावन्न गोगलगायी टाकीत मजेत आहेत. त्यांना मुदत नाही.)

अर्जासोबत मार्गदर्शकाचं शिफारसपत्र लागतं, बंद पाकिटात, उमेदवाराला न दाखवता. आमच्या सरांची पद्धत अशी की ते पत्र उमेदवारानेच लिहायचं. सर सही करतात आणि पाकीट स्वतःच्या हाताने चिकटवतात, म्हणजे गोपनीयता राहते. मी लिहायला बसले आणि हात अडला. चौथीत ‘माझे गुण’ या निबंधात मी स्वतःला हुशार म्हटलं होतं, तेव्हा तुम्ही (शाळेत मामा कसले, मुख्याध्यापक!) लाल शाईने शेरा दिला होता, ‘हे दुसऱ्यांना म्हणू दे.’ तो अंगात इतका मुरलाय की मी लिहिलं, ‘मुलगी बरी आहे. सांगितलेलं काम करते. कधीकधी उशिरा येते.’ सरांनी न वाचता सही ठोकली. त्याच दमात लंबूच्या पत्रावरही. लंबू म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा. त्याने स्वतःबद्दल लिहिलं होतं की असा मेंदू शतकातून एकदा जन्माला येतो.

मुलाखतीला समोर पाच जण. अध्यक्षबाईंनी पत्र वाचून चष्मा काढला आणि विचारलं, पाच वर्षं तुम्हाला जवळून पाहणारा माणूस नुसतं ‘बरी’ म्हणतो, असं केलंत तरी काय? आता हे मीच लिहिलंय म्हणावं तर सर अडकतात आणि मीही. मग चाचरत सांगितलं की सरांचा माझ्याबद्दल जरा गैरसमज आहे. बाईंनी लगेच टिपून घेतलं: मार्गदर्शकाशी पटत नाही. अर्धा तास मी माझ्याच विरुद्ध माझी बाजू मांडत होते, आणि हरले. जागा लंबूला मिळाली. आता तो गोगलगायी काय खातात ते मला विचारायला येतो. मी सांगते. मला त्याचा राग नाही, म्हणजे आहे, चांगलाच आहे.

मामीला नमस्कार.

तुमची
(बरी) भाची

ता. क. – दुसरीकडे एक जागा निघाली आहे. तिथे शाळेपासून ओळखणाऱ्या शिक्षकाचं पत्र लागतं. तुमच्या नावाने मजकूर करून सोबत जोडला आहे. रीतीप्रमाणे न वाचता सही करावी.

ता. क. २ – तो कागद फाडून टाका. त्यातही शेवटी ‘बरी’च आलं आहे. मामा, इतक्या वर्षांत माझ्याबद्दल दुसऱ्या कुणी आपणहून एक ओळ लिहिलेली नाही, याचं फार वाईट वाटतं. दुसऱ्यांना म्हणू दे, असं तुम्हीच लिहिलं होतंत. मी अजून थांबले आहे.

ता. क. ३ – शाई लाल नको.