मागल्या दारच्या दिव्याची वाटणी

मी, इमोजीन रूथ साइझमोर, वय वर्षे त्र्याहत्तर, राहणार टर्नर्स फोर्क, केंटकी, धंदा कंट्री गाणी रचणे आणि ती स्वतःच गाणे, लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. डॉक्टर हे माझा साथीदार वादक क्लेल रॅटलिफ याचे मेहुणे लागतात, म्हणून तो दाखला मी आणखी दोघांकडून वाचून घेतला. हे मृत्युपत्र मी स्वखुशीने, कोणाच्या धाकाला वा लाडीगोडीला बळी न पडता करीत आहे. लाडीगोडी लावून पाहिली गेली, तिचा उल्लेख योग्य त्या कलमात येईल. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत, विशेषतः ते, जे माझ्या भाचीला कपाटात ‘सहज’ सापडले.

येत्या मंगळवारी लेक्सिंग्टनच्या इस्पितळात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. परत आले तर हा कागद मी स्वतः फाडीन. न आले तर माझी गाणी कोणाच्या हाती जावीत, एवढाच खरा प्रश्न आहे. बाकी सगळी भांडीकुंडी. त्यातही शेवटचे गाणे. ते मी अजून कोठेही जाहीरपणे गायलेले नाही आणि तरी गावात फिरू लागले आहे. ते कोणी फोडले हे कळेपर्यंत सही करायची नाही असे मी ठरवले होते.

कलम १. घर आणि मागची टेकडी माझे यजमान आर्विल यांच्याकडे त्यांच्या हयातीपर्यंत राहील. पुढे ते माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी डार्ला हिला मिळेल, बँकेत जे काही उरेल त्यासह. डार्ला गुणी आहे. मात्र गेल्या उन्हाळ्यात ती टेप घेऊन माझ्या खिडक्या मोजत होती.

“कोणासाठी गं?” मी विचारले.

“तुझ्यासाठीच मावशी. किती उन्हं येतात बघ, पडदे नकोत का?”

पडदे अजून आलेले नाहीत.

कलम २. कर्णे, माइक, वायरी आणि न विकलेल्या तबकड्यांची खोकी क्लेल रॅटलिफला द्यावीत. क्लेल अर्धे आयुष्य माझ्यामागे स्टील गिटार वाजवतो आहे आणि त्याच्याइतके हळू वाजवणारा माणूस मी पाहिला नाही. परंतु कार्यक्रम संपला की वायरी गुंडाळता गुंडाळता तो विचारतो, “काय बाई, नवीन काही शिजतंय का?” इतक्या गोड आवाजात फुकट कोणी बोलत नाही. मी त्याला खऱ्या शब्दांबाबत ताकास तूर लागू दिलेली नाही.

कलम ३. माझी गाणी. येथे थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण कोर्टातल्या माणसाला आमच्या धंद्याची रीत ठाऊक नसेल.

नॅशव्हिलमध्ये अशी पद्धत आहे की गाणे होत असताना जो खोलीत, तो वाट्यात. शब्द दिला असो वा नसो, खोलीत बसलेल्या प्रत्येकाचे नाव गाण्यावर चढते आणि वाटा सारखा. मी बाविसाव्या वर्षी तिथे गेले तेव्हा एका कचेरीत बसून एकटीने गाणे पुरे करीत आणले होते. तेवढ्यात एक चकचकीत बुटांचा गृहस्थ कॉफीत साखर किती हे विचारायला आत आला, खुर्चीवर टेकला आणि म्हणाला, “तो ‘पण’ काढून टाक, पोरी.” मी ‘पण’ काढला. निम्मे गाणे त्याचे झाले. ते त्याने दुसऱ्या एका बाईला दिले, तिने ते तीन कडव्यांत तीनदा हसून गायले, आणि रेडिओवर मला माझेच गाणे ओळखू येईना. मी आईच्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याला पुरतील एवढे अश्रू गाळले आणि बसने घरी आले.

त्यानंतर मी कोणत्याही कंपनीच्या दारात उभी राहिले नाही. स्वतः तबकड्या काढल्या, स्वतः व्हॅन हाकली, जत्रेत, शाळांच्या सभागृहांत आणि गुरांच्या लिलावाच्या मांडवांत गायले, आणि व्हॅनचे मागचे दार उघडून तबकड्या विकल्या. गाणे रचायचे तेही त्याच व्हॅनमध्ये. ती घराच्या मागल्या दाराशी उभी असते. दारे लावायची, काचा वर करायच्या, आत फक्त मी आणि गिटार. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून प्यावे लागते. नवऱ्यालाही मी कधी आत घेतले नाही. त्याने कधी विचारलेही नाही.

कलम ४. शेवटचे गाणे. ते अशा बाईचे आहे, जी गावोगाव गाऊन घरी परतते आणि नवऱ्याला सांगते:

मागल्या दारचा दिवा मालव, वाट मला पाठ आहे.

दोन कडवी झाली. तिसऱ्यात नवऱ्याने उत्तर द्यायला हवे, आणि ते मला वर्षभर सुचले नाही. डॉक्टरांनी झडपेचे सांगितल्यावर क्लेल आणि डार्ला दोघेही अचानक फार प्रेमाने चौकशी करू लागले. म्हणून मी एक सापळा लावला. क्लेलला गाणे म्हणून दाखवले ते ‘खिडकीतला दिवा’ असे. डार्लाला ‘ओसरीवरचा दिवा’ असे. गाणे बाहेर फुटले की दिव्याच्या जागेवरून चोर सापडणार होता.

सप्टेंबरात चर्चच्या सहभोजनाला वृद्धाश्रमात कामाला असलेली नेटी कोम्ब्स बीन्सचे पातेले ढवळत गुणगुणत होती. मी मक्याच्या ब्रेडचा तुकडा हातात धरून तिथेच उभी राहिले. तिच्या गाण्यात दिवा खिडकीत नव्हता आणि ओसरीवरही नव्हता. मागल्या दारी होता. तो शब्द मी बंद व्हॅनबाहेर कधीही उच्चारलेला नाही.

“हे कुठून उचललंस?”

“अगं बाई, तुमचंच ना?” नेटीने डाव तसाच पातेल्यात सोडला. “आर्विलकाका म्हणाले होते, कुणाला बोलू नका, घरी चिडेल ती.”

आर्विल न्हावी होता. दुकान बंद केले तरी दर गुरुवारी तो वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांच्या दाढ्या करायला जातो. त्याच्यावर संशय घेण्याचे मला कारणच नव्हते. एका कानाने त्याला ऐकू येत नाही आणि सूर त्याच्या वाऱ्याला उभा राहत नाही. काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालत होते. घरी येऊन मी त्याला स्वयंपाकघरात उभे केले.

“तू ऐकलंस कधी?”

“तू गातेस तेव्हा.”

“काचा बंद असतात, आर्विल.”

“असतात की. मी जेवायला हाक मारायला येतो. तुझं चालू असलं की मडगार्डला टेकून थांबतो. पत्र्यातून येतं सगळं.”

“किती दिवस चाललंय हे?”

“व्हॅन घेतल्यापासून,” तो म्हणाला. “मधेच हाक मारली तर चिडतेस ना.”

“आणि ते म्हाताऱ्यांना म्हणून दाखवतोस?”

“गाणं असलं की माणूस हलत नाही. पण तुझी दोनच कडवी. तेवढ्यात गाल होतात, मान राहते. आणि मानेवर वस्तरा असताना कोणी हललं तर पंचाईत. म्हणून मी आपलं पुढे थोडं जोडलं.”

“म्हण.”

त्याने उजवा हात वस्तरा धरल्यासारखा धरला, कारण त्याशिवाय त्याला आठवत नाही, आणि तीन वेगवेगळ्या सुरांत म्हटले:

वाट तुला पाठ असेल, दिव्याला ते ठाऊक नाही.

वर्षभर अडलेले उत्तर ते हेच. तरी मी विचारले, कारण विचारणे माझ्या रक्तात आहे, “हे कोणाकडून घेतलंस?”

“कोणाकडून म्हणजे? दिवा रोज मीच लावतो ना.”

त्याने शेगडीवरचे कालवण खाली उतरवले आणि आम्ही जेवलो.

कलम ५. नॅशव्हिलच्या नियमाने पाहिले तर आर्विलला काही मिळत नाही, कारण तो खोलीत नव्हता. परंतु हा नियम एकदा दुसऱ्याने माझ्यावर चालवला; आज तो मी चालवते. ज्या गृहस्थाने साखर विचारली तो खोलीत धरला गेला असेल, तर पावसात पत्र्याला टेकून उभा राहिलेला माणूसही खोलीतच धरावा. सबब, त्या व्हॅनमध्ये झालेल्या माझ्या प्रत्येक गाण्यावर माझ्या नावाशेजारी आर्विल साइझमोर हे नाव घालावे आणि निम्मा वाटा त्याचा समजावा. माझा निम्मा माझ्यामागे त्यालाच जावा. त्याच्यामागे सर्व गाणी डार्ला आणि क्लेल यांनी एकत्र सांभाळावीत, म्हणजे दोघे एकमेकांवर लक्ष ठेवतील.

कलम ६. क्लेल व डार्ला यांच्यावरचा संशय या एका गाण्यापुरता मागे घेत आहे. इतर संशय कायम आहेत.

कलम ७. अंत्यविधीला पाद्रीबाबांनी गाऊ नये. क्लेलने वाजवावे, हळू.

कलम ८. मंगळवारी रात्री मी लेक्सिंग्टनला असेन. मागल्या दारचा दिवा मालवू नये. बुधवारीही नाही.

वकिलांचे म्हणणे असे की ज्याला लाभ होणार तो माणूस सहीच्या वेळी शेजारी असू नये, पुढे कोणी शंका काढील. शंका कशी काढतात हे मला कोणी शिकवायला नको. त्यांची हरकत येथे नोंदवली आहे. साक्षीदार बाहेर मडगार्डपाशी उभे राहतील. आर्विल आत बसेल.

सही: इमोजीन रूथ साइझमोर

साक्षीदार: नेटी कोम्ब्स
साक्षीदार: होबर्ट स्टेसी, पशुखाद्याचे दुकान

ठिकाण: टर्नर्स फोर्क, मागल्या दाराशी, व्हॅनमध्ये. काचा खाली.
तारीख: १९ ऑक्टोबर २०१३