गाडी मागून सुटते

सोमवार, ४ मार्च
काल क्लबच्या रेसमध्ये शेवटचा. गाडीत दोष आहे याबद्दल आता शंका उरलेली नाही. रिमोटवर चालत असली तरी ती रेसिंग कार आहे, खेळणं नव्हे. हे घरात अनेकदा सांगून झालं. सरळ पट्ट्यावर बाणासारखी जाते. वळणातून बाहेर पडताना मात्र मागची बाजू सुटते आणि गाडी गर्रकन फिरून आल्या वाटेकडे तोंड करून उभी राहते. गोदामातल्या त्याच कार्पेटवर बाकी सगळ्यांच्या गाड्या वळतात. माझीच का नाही?

क्लबातल्या डेंटिस्टने (काल पहिला. नेहमीच पहिला.) आपणहून सल्ला दिला की वळणात रिमोटचा ट्रिगर जरा हळू दाबून बघा. मी नुसता हसलो. सस्पेन्शन म्हणजे कवळी नव्हे.

संकल्प: यापुढे शास्त्रीय पद्धत. एका वेळी एकच बदल.

मंगळवार, ५ मार्च
एका वेळी एकच बदल या पद्धतीत फार वेळ जातो. आज मागच्या स्प्रिंगा मऊ केल्या, पुढच्या डॅम्परमध्ये घट्ट ऑइल भरलं, चाकांचा कल बदलला, टायर बदलले. आधी काय होतं ते लिहून ठेवायचं राहिलं. लक्षात आहे. साधारण.

बुधवार, ६ मार्च. ऑफिसात, लंच टाइम
तक्रार विभागाचा प्रमुख असणं म्हणजे डोक्याला ताप. आज पुन्हा एका बाईंचा फोन, मिक्सरमधून सगळं बाहेर उडतं म्हणून. झाकण न लावता बटण फिरवतात आणि म्हणे मिक्सर खराब! आमचं ठरलेलं उत्तर दिलं: मशीन निर्दोष, हाताळणीत चूक. लोकांना स्वतःची चूक कशी दिसत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

गुरुवार, ७ मार्च
सापडलं! दोष टेबलात!!
गाडीचं सेटिंग मी डायनिंग टेबलवर करतो, आणि टेबल एका कोपऱ्यात डगडगतं. म्हणजे आजवरची सगळी मापं चुकीची. दोन पायांखाली पुठ्ठे घातले, लेव्हल लावून बघितली, बुडबुडा बरोबर मध्यावर आला. आता टेबलाला हातसुद्धा लावायचा नाही, ताटं ठेवणं तर दूरच.

हिचं म्हणणं असं की हे टेबल नीट करा म्हणून ती वर्षानुवर्षं मागे लागली होती, आणि नीट झालं तेव्हा त्यावर जेवायचीच बंदी. तिला तांत्रिक बाजू समजावली. शेवटी तह झाला: गाडीतला दोष सापडेपर्यंत टेबल माझं, सापडला की तिचं. मात्र २४ तारखेला मुलीचे सासू-सासरे जेवायला येणार आहेत, आणि व्याही-विहिणींच्या मांडीवर ताट द्यायची तिची तयारी नाही. म्हटलं, तोवर दोष सापडलाच समज.

रविवार, १० मार्च
शेवटचा.
पण लेव्हल उत्तम होती.
गाडी वळते तिकडे मी झुकतो, ही माझी स्टाइल. डेंटिस्ट आज रेलिंगपाशी माझ्यापासून चार हात लांब उभा राहिला. घाबरला असावा.

गुरुवार, १४ मार्च
हेअरपिन वळणावर उलटलेल्या गाड्या सरळ करायची ड्यूटी बहुधा प्रिंटिंग प्रेसवाल्याकडे असते. माझी रेस असली की तो हल्ली स्टूल घेऊन येतो. कशाला उगाच उठबस करायची, इथेच बसतो, म्हणाला. हा टोमणा मी मनावर घेतलेला नाही.

जेवताना ही सोफ्यावर, मांडीत ताट. मी टेबलाशी उभा, एका हातात पोळी आणि दुसऱ्यात स्क्रू-ड्रायव्हर. म्हणाली, तिचे गुडघे दुखतात हे सोडा, पण दिवसभरात समोरासमोर बसून दोन शब्द बोलायची तेवढीच एक वेळ होती, तीही गेली. तिचा आवाज चिडका नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. खरोखर वाईट वाटलं. बराच वेळ कामात लक्षच लागेना. मग मागच्या चाकाच्या आर्मचा एक स्क्रू ढिला असल्याचं लक्षात आलं.

रविवार, १७ मार्च
शेवटचा. स्क्रूचा संबंध नव्हता.

मुलीचा फोन. तिने विचारलं की बाबा, तुम्ही स्कूटर वळवता तशीच ही गाडी वळवता का? म्हटलं, अगदी तशीच, वळणातही पूर्ण वेगात, हात बसलेला आहे. फोन आईकडे द्या म्हणाली. दोघी बराच वेळ हसत होत्या. मायलेकींचं काय चालतं कळत नाही.

शुक्रवार, २२ मार्च
रोज नवे बदल. सगळं सुटं करून, पुसून, पुन्हा जोडलं. शेवटी कंटाळून गाडीच्या खोक्यातून आलेल्या पुस्तकातली मूळ सेटिंग्ज जशीच्या तशी लावली. माझ्या अभ्यासाचा निष्कर्षही योगायोगाने तोच निघाला होता.
हिने आज जेवायच्या वेळी टेबलाकडे एकदा बघितलं. दोन दिवस उरले आहेत आणि मला धाकधूक वाटू लागली आहे.

रविवार, २४ मार्च. दुपारी
विजय!!!
डेंटिस्टनेच सुचवलं की आज गाड्या बदलून बघू, म्हणजे दोष कुठे आहे ते कळेल. तो माझी गाडी चालवणार, मी त्याची. आणि माझी गाडी पहिली आली! एकदासुद्धा फिरली नाही! मी सगळ्यांशी हस्तांदोलन केलं. इतक्या दिवसांची मेहनत सार्थकी लागली.

मी शेवटचा आलो, कारण डेंटिस्टच्या गाडीत भयंकर दोष आहे. वळणातून बाहेर पडताना मागून सुटते. बिचारा इतकी वर्षं कशी चालवत होता कोण जाणे! मागच्या स्प्रिंगा मऊ करून बघा असं त्याला आपुलकीने सांगितलं. बरं म्हणून त्याने आपली गाडी लगेच पेटीत ठेवली. प्रेसवाल्याने रेसआधी कोणाच्या हातात कोणती गाडी आहे ते विचारून घेतलं, आणि मगच स्टूल मांडलं.

तीच तारीख, संध्याकाळी
घरी येऊन हिला बातमी दिली. तिने शांतपणे विचारलं की म्हणजे गाडीत आता दोष नाही? म्हटलं, छे, रेसमध्ये सिद्ध झालं! मग टेबल मोकळं करा म्हणाली. आणि गाडीत दोष आहे असं म्हणावं, तर विजय गेला. कात्रीत सापडलो. वर तिने विचारलं की चालवत कोण होतं?
हा तपशील आहे, असं म्हणालो. पण टेबल आवरता आवरता तो तपशील डोक्यातून जाईना.

सोमवार, २५ मार्च
काल व्याही-विहीण येऊन गेले. जेवण छान झालं. व्याहीबुवांनी टेबलावर दोन्ही कोपर टेकून जोर दिला आणि म्हणाले, आमचं टेबल सारखं डुगडुगतं, हे कसं हलत नाही? ही म्हणाली, यांनी सेट केलंय. इतक्या दिवसांत माझं काहीतरी बरोबर जमल्याचं कोणी पहिल्यांदाच बोललं.

आज सकाळी दोघेच चहाला समोरासमोर बसलो. हिने विचारलं, मग शेवटी दोष कुठे होता?
ऑफिसात मी रोज लोकांना देतो तेच उत्तर दिलं. मशीन निर्दोष, हाताळणीत चूक.
ती लगेच हसली नाही. कप खाली ठेवला, टेबलावर डोकं टेकलं आणि मग हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.
टेबल जराही हललं नाही.