ग्रीस लावलेल्या चकत्या

दापोडी, दसरा, २ ऑक्टोबर २०२५

चि. स्वप्नालीस, आजोबांचे अ. उ. आ.

आज पाटीपूजनाचा दिवस, म्हणून सकाळपासून कानात आमच्या शाळेतला आवाज घुमतोय. रुळावरून गाडी धडधडत जायची आणि कविता म्हणणारा आमचा वर्ग तिच्यावर मात करायला घसा फाडायचा. गाडी गेली तरी आम्ही ओरडतच, मग गुरुजींची छडी.

काल खंडेनवमीला तू तुझी हत्यारं म्हणून धातूच्या चकत्यांची डबी पूजेत मांडलीस आणि मैत्रिणींकडे पळालीस. हळदीकुंकू वाहताना बघतो, तर चकत्यांवर पांढुरका थर. चाकणच्या कंपनीत जन्म काढलेल्या माणसाला हे पाहवेल कसं? एकेक चकती लख्ख घासली, वर गंज धरू न देणारं ग्रीस चोपडलं. आता सात पिढ्या टिकतील. हॉस्टेलवर डबी उघड आणि म्हाताऱ्याचं कौतुक कर.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझे,
चिमाजी आजोबा

ताथवडे, ५ ऑक्टोबर

ती. आजोबांस, स्वप्नालीचा शि. सा. न.

डबी उघडली आणि हसता हसता रडू आलं. आजोबा, त्या चकत्या टिकायच्याच नाहीत हो. मॅग्नेशियमचा तो मिश्रधातू गाठ काढलेल्या जागी ठेवायचा. त्याने बुडबुडे सोडत झिजायचं, उरल्यासुरल्या कर्करोगाच्या पेशींना जेरीस आणायचं आणि अंगातच विरून जायचं. अजून सगळं काचेच्या बशीतच आहे, औषध फार लांब. प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर माझ्यासोबतचा रणजीत जस्ताने विषाणू अडतो का ते बघतोय.

तुमच्या चकत्या खारट पाण्यात ढिम्म बसल्यात. ग्रीस पुसूनही अंश राहिला तर पेशी कशाने मेल्या ते कळणार नाही. चकत्या कापायची सळईही संपलीय. आमच्या मार्गदर्शक उत्कर्षा मॅडम म्हणाल्या, शुक्रवारपर्यंत नव्या चकत्या नसतील तर पेशींवरच्या चाचणीचा माझा नंबर रणजीतला. वर्षभर वाट पाहिलेला नंबर.

आजीला सांगू नका. रागावले नाहीये, माया आहे तशीच असू द्या.

तुमची,
स्वप्नाली

दापोडी, ८ ऑक्टोबर

चि. स्वप्नालीस, अ. उ. आ.

आजीला सांगितलं. मंजुळा म्हणते, तुमाला सरणावर बी ग्रीस लावून ठिवते, म्हंजे जळायचं न्हाई.

काम उरकलं की गाजावाजा न करता निघून जाणारा धातू. जन्मभर गंजाशी भांडलो आणि नात त्याचीच वाट बघत बसली. कालपासून मी हवेत आहे. त्यावर चार ओळी जुळवल्या, पण मॅग्नेशियमला यमक सापडेना. शिवाय तुला न विचारता कालच कुरियरने मॅडमना पत्र धाडलं, की चूक माझी, पोरीचा नंबर काढू नका.

थांब, दार वाजतंय.

आलो. हेल्मेट काखेत धरून खुद्द उत्कर्षा मॅडम उंबऱ्यात उभ्या आहेत. म्हणतात, पत्र मिळालं, नवी सळई आज सकाळीच तुझ्या हाती दिली आणि नंबर तुझाच राहील. पण नातीच्या धातूला बोट लावणार नाही अशी आजोबांनी शपथ घेतल्याशिवाय चहाला शिवणार नाहीत. मंजुळा साक्षीला कंबरेवर हात ठेवून उभी आहे.

उजवा हात वर करायचा आहे, म्हणून पेन ठेवतो.

तुझे,
आजोबा