कानावरचा लाल ठिपका

८ जून १९८७, सोमवार

तोंड दाखवायची सोय राहिली नाही!

काल तळ्यावर चर्चची मासेमारीची स्पर्धा. एकतीस वर्षं परीक्षक मीच. ब्लूगिल जातीचे मासे वेगळे मोजायचे, पंपकिनसीड वेगळे. दोघं सख्खी भावंडं, तळहाताएवढी. फरक कानाशी, म्हणजे कल्ल्यामागच्या झडपेशी. ब्लूगिलचा कान नुसता काळा, पंपकिनसीडच्या कानाच्या टोकाला लाल ठिपका. यंदा पंपकिनसीडचा कप ऑर्व्हिलच्या नावाचा. माझा होडीतला सोबती, मार्चमध्ये गेला.

त्याच्याच गळाने त्याच्या बायकोने, लव्हॉनने, सगळ्यांत मोठा मासा धरला. कपासाठी आणला. मी कान निरखला, बराच वेळ, आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "हा तर ब्लूगिल. बाद!" मासा पाण्यात सोडून दिला.

तिने माझ्याकडे पाहिलं. "तू म्हणशील तसं," एवढंच. कप दुसऱ्याला गेला.

मी अंदाजाने ठोकून दिलं होतं.

९ जून

मला लाल रंग दिसत नाही. लिहिलं एकदाचं! लाल काय, हिरवं काय, सगळं मातकट. टोमॅटो दाबून ओळखतो. सख्ख्या भावालाही कधी सांगितलं नाही.

निभावलं ते ऑर्व्हिलच्या बडबडीमुळे. मासा वर आला की तो सुरू — "अहाहा, कान बघ, लालभडक!" स्पर्धेतही माझ्या खांद्याशी उभा राहून तेच. मी त्याला 'रेडिओ' म्हणायचो. "गप रे, मासे पळतील!" आणि त्याच्याच जिवावर जाणकार म्हणून मिरवायचो.

१० जून

गळाच्या दुकानात गेलो तर कुणीतरी काढलेला लव्हॉनच्या माशाचा फोटो भिंतीवर. दुकानदार गुंथर डोळे बारीक करून म्हणतो, "कान लाल दिसतोय की!" बाकीचे त्याच्यावरच तुटून पडले. "एकतीस वर्षांचा परीक्षक आपला डेल्मर, तो चुकेल होय? फोटो धुणाऱ्याने घोळ केलाय!" "नवऱ्याच्या नावाचा कप घरातच न्यायचा होता बाईला!"

सगळे हसले. मीही हसलो. शी!

११ जून

तिच्या फाटकापर्यंत जाऊन परत आलो.

१२ जून, शुक्रवार

लव्हॉन अंगणात मासे साफ करत होती. उभ्याउभ्याच सांगून टाकलं — मला लाल दिसत नाही, तुझा मासा खरा होता, रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर सांगतो.

तिची सुरी थांबली नाही. "ठाऊक आहे रे. ऑर्व्हिल घरी दिवसभरात चार शब्द बोलायचा नाही. होडीत एवढा कशाला ओरडायचा, असं वाटलं तुला?"