एका बाजूला जाड लाटणं

थोरलीच्या आईस,
अनेक आशीर्वाद. मी बरा आहे, खोकला नाहीच म्हण. तू गोळ्या घेतेस ना?

थोरली इथे सफरचंदाचा पाय करते. पिठाच्या पारीत सफरचंद भरायचं, कातण्याने पट्ट्या कापून वर चटईसारख्या विणायच्या आणि ओव्हनमध्ये भाजायचं. काल म्हणाली, "बाबा, बसलाच आहात तर लाटा." लाटली, तर पारी आपोआप गोल! मला वाटलं, हात बसला.

ती हसली. "हात कसला, लाटणं सरळ आहे. तुम्ही आईला केलेलं एका बाजूला जाड आहे. ती पारी फिरवून फिरवून गोल करते. मला म्हणालेली, बाबांना सांगशील तर बघ."

लग्नाच्या वर्षी ते लाटणं मी कारखान्यातल्या लेथवर केलं होतं. तू ते पदराने पुसून ठेवायचीस, तेव्हा माझी छाती फुगायची. चाळीस वर्षं तू बोलली नाहीस.

मी रागावलेलो नाही. पण तुझं उजवं मनगट दुखतं ते त्यामुळेच का गं? कालपासून घास गोड लागत नाही. खरं असेल ते लिही, आता तरी माझं मन राखू नकोस.

तुझाच,
थोरलीचे बाबा