तुळशीखालची तार

आई, काल दादानं विचारलं. जेवणं झाली होती, बाबा झोपाळ्यावर सुपारी कातरत होते, आणि दादा एकदम माझ्याकडे वळून म्हणाला, "बाबा म्हणतात, रेडिओवर माझा निरोप आला तो आईनं ऐकला. तू होतास ना तिथं? ऐकून ती काय म्हणाली?" अडकित्ता थांबला. बाबांनी मान वर केली नाही. हा प्रश्न आज ना उद्या येणार हे मला ठाऊक होतं. लढाईवरून परत आल्यापासून दादा घरात असा वावरतो की जणू काहीतरी शोधतोय, आणि काय शोधतोय ते कोणाला सांगत नाही. मी काय उत्तर दिलं ते लिहितो, पण आधी मागचं लिहायला पाहिजे, कारण त्या दिवशी तू नव्हतीस. तू गेली होतीस, दहावा अजून व्हायचा होता.

मी आत्ता नामपल्ली स्टेशनवर बसलोय. गाडीला उशीर आहे. मांडीवर रेडिओची पेटी, पायाशी ॲसिडची बॅटरी; तिच्या वासानं माणसं आपोआप लांब बसतात, त्यामुळे सगळा बाक माझा. एका जागीरदारांच्या देवडीत, मोठा वाडाच तो, सेट बसवायला चाललोय. मागच्या खेपेला तिथल्या मोठ्या बेगमसाहेबांनी जुन्या सेटवर रुईची गोधडी शिवून घातली होती. का, तर आवाज बसलाय, याला हवा बाधली असणार. मी गोधडी काढली तर आत पालीनं अंडी घातलेली. पण हे मी कुठं निघालो. तू म्हणायचीस तेच खरं, याला मीठ आणायला पाठवावं तर हा हत्ती बघून येतो आणि मीठ दुकानातच राहतं. शाळाही माझी अशीच राहिली, वाटेत.

सेट दादानं बसवला तो दिवस आठव. काचीगुड्याच्या आपल्या गल्लीत अजून वीज आली नव्हती, म्हणून त्यानं बॅटरीवरचा आणला. एरियलची तार गच्चीवर दोन बांबूंना बांधायची होती, तिचं एक टोक मी धरलं होतं. दुसरी तार सेटच्या पाठीमागून निघून जमिनीत जायची. ती जमिनीला नीट लागली नाही तर लांबचं स्टेशन धरतच नाही. दादानं तांब्याची नळी घेतली आणि थेट तुझ्या तुळशीवृंदावनाच्या पायाशी ठोकायला बसला. तू हात पुसत बाहेर आलीस. माझ्या तुळशीच्या मुळाशी खिळे ठोकतोस, म्हणून जी सुरू झालीस ती थांबेनास. मोरीपाशी ठोक, आडापाशी ठोक, सगळं अंगण पडलंय. दादा मान खाली घालून ठोकतच होता. मग म्हणाला, "आई, याला ओली जमीन लागते. आडापाशी सगळा दगड, आणि मोरी दुपारपर्यंत वाळते. या घरात रोज न चुकता पाणी पडतं अशी जागा एकच आहे." रुसलेली माणसं जशी हसू दाबतात तसा तुझा चेहरा झाला. मी वर गच्चीवर होतो. सगळं ऐकलं आणि सोडून दिलं, कारण तेव्हाच नेमका कोणाचा तरी पतंग कटून आपल्या बांबूकडे येत होता.

मग दादा फौजेत गेला, समुद्रापार. सिंगापूर पडलं आणि त्याची पत्रं बंद झाली. तू भात सोडलास. कोणाला सांगितलं नाहीस, आम्हाला वाढायचीस आणि आपण भिंतीकडे तोंड करून भाकरी खायचीस. तुला वाटायचं आम्हाला कळत नाही. दादाला लहानपणी मुदतीचा ताप आला होता तेव्हाही तू हेच केलं होतंस. तेव्हा तो उठून बसता झाल्यावर पहिलं काम त्यानं काय केलं, तर स्वतःच्या ताटातला मऊ भात उचलून तुझ्या ताटात टाकला आणि दम दिला, परत भात सोडशील तर मी परत आजारी पडेन. तू तो भात रडत रडत खाल्लास. मी तेव्हा एवढासा होतो, मला वाटलं तिखट लागलंय.

संध्याकाळी दिवेलागणीला तू मला ते स्टेशन लावायला सांगायचीस. सिंगापूरहून आपल्या कैदी जवानांचे निरोप वाचून दाखवायचे, हिंदुस्थानीत. बाबांना ते अजिबात नको होतं. ते अदालतीतले पेशकार, न्यायाधीशापुढं कागद वाचणारे; शत्रूचं स्टेशन ऐकतात अशी कुजबुज जरी वर गेली तरी नोकरी जायची. ते दारं लावायचे, खिडक्या लावायचे, आवाज कमी कर म्हणायचे, आणि आपण बैठकीत जाऊन बसायचे, पण दारात त्यांची सावली दिसायची. किती जणांचे निरोप ऐकले आपण. कुठल्या तरी पंजाबातल्या बायकोला, कुठल्या भावाला. दादाचा कधी आला नाही. मग वैशाखात तुला ताप भरला. भात सोडलेलं अंग, त्यात काय उरलं होतं.

सुतकात आत्यानं रेडिओवर धोतर टाकून ठेवलं. मेल्या घरी बाजा वाजला असं लोकांनी म्हणायला नको. मी घरात गुदमरायचो म्हणून फिरत फिरत सुलतान बाजारात गेलो. ज्या दुकानात मी रेडिओची कामं शिकायला बसायचो, तिथं आत न जाता रस्त्यावरच उभा राहिलो. दुकानाचे म्हातारे मालक पायरी उतरून माझ्यापाशी आले. तुझं त्यांना कळलं होतं. काहीतरी पुटपुटले, मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "कल शाम हैदराबाद वालों के पयाम आने वाले, मियाँ. रेडियो पे वो लोगाँ खुद बोले. अपने घर में सुनो, यहाँ नक्को." हैदराबादच्या जवानांचे निरोप! पण दुकान भर रस्त्यावर, समोर पोलीस चौकी. त्यांचंही बरोबर होतं.

मी धावत घरी आलो. बाबांना सांगितलं तर त्यांनी तुझ्या खाटेकडे बघितलं. खाट उभी करून ठेवली होती. मग म्हणाले, रेडिओवरचं धोतर काढ.

दुसऱ्या दिवशी दुपारी सेट लावून बघतो तर नुसती खरखर. जवळचं आपलं सरकारी स्टेशन तेवढं येतंय, पण तेही आडातून बोलल्यासारखं, आणि लांबचं म्हणशील तर काहीच नाही. बॅटरी बघितली, चार्ज करून आणलेली, ठीक होती. आतले काचेचे व्हॉल्व्ह काढून पुसून परत बसवले, एकेक हलवून बघितला. तारांची टोकं खरवडली. बाबा दर थोड्या वेळानं येऊन म्हणत, चालू ठेवू नकोस, बॅटरी संपेल. आणि मी बंद केला की, का बंद केलास. उन्हं कलायला लागली तशी मी तीच तीच टोकं परत खरवडायला लागलो. दादा तिकडं जिवंत असेल, कोणीतरी त्याचं बोलणं वाचेल, आणि ते आपल्या छपरावरून तसंच पुढं जाईल. परत वाचतात थोडंच.

राहता राहिलं एरियल, म्हणून गच्चीवर चढलो. पाय भाजत होते. तार शाबूत, बांबू शाबूत. कठड्याला टेकून खाली अंगणात बघितलं. वरून तुझी तुळस दिसली. पानं वळून काळी पडलेली, भोवतालची माती भेगाळलेली. तू खाटेवर होतीस तेव्हा आत्या पाणी घालायची. तू गेलीस आणि सुतक लागलं, तेव्हापासून कोणी घातलं नव्हतं. सुतकात तुळशीला हात लावायचा नाही. आणि तेव्हा मला दादाचं ते बोलणं आठवलं, रोज न चुकता पाणी पडतं अशी जागा एकच आहे. तू गेलीस आणि रेडिओची जमीन वाळली.

कळशी घेऊन मी अंगणात गेलो तर आत्या आडवी. तिलाही बोल लावता येत नाही, ती रडतच होती. आग तूच दिलीस, म्हणाली, पिंड तूच द्यायचेत, आणि तूच सुतकात तुळशीला पाणी घालतोस, तिला पुढं वाट मिळू द्यायची आहे का नाही. मला पुढं पाऊल टाकवेना. दादासाठी टाकावं तर तुझं अडतंय, तुझ्यासाठी थांबावं तर दादा जातोय. तेवढ्यात बाबा आले. उभ्या जन्मात ज्यांनी एकादशी चुकवली नाही ते बाबा. माझ्या हातातली कळशी घेतली आणि अदालतीत बोलायचे तशा आवाजात म्हणाले, "मी तुळशीला पाणी घालत नाही. नळीला घालतोय."

"आणि तुळशीला लागलं तर?" आत्या म्हणाली.

"तर तो अपघात."

आणि वाकून त्यांनी अख्खी कळशी रिकामी केली. मातीनं आवाज करून पाणी ओढलं. दुसरी कळशी आत्यानंच आडावरून भरून आणली. दिली नाही, नुसती जवळ ठेवली. मग पुढचं दार लावून बाहेर पायरीवर जाऊन बसली, कोणी समाचाराला आलं तर भाऊ निजलाय म्हणून सांगायला.

दिवेलागणीला मी सेट लावला, तबकडीवरचा काटा जीव मुठीत धरून सरकवला, आणि आवाज आला. क्षीण, पण माणसाचा. बाबा सेटला कान लावून, मी त्यांच्या पायाशी. एक निरोप झाला, दुसरा झाला. हैदराबाद दकन ऐकू आलं आणि लगेच अशी खरखर उठली की नाव, गाव, गल्ली, सगळं गिळून टाकलं. बाबांनी माझा खांदा एवढा आवळला की वळ उठला. मी काट्याला हात लावला नाही. हात लावला असता तर होतं तेही गेलं असतं. आणि खरखर ओसरली तेव्हा तो माणूस सावकाश वाचत होता, "...खैरियत से हूँ. वालिदा से अर्ज़ है कि मेरे लिए चावल न छोड़ें." आईनं माझ्यासाठी भात सोडू नये, एवढंच. पुढचा निरोप सुरू झाला.

वाचणाऱ्याला वाटलं असेल, काय हे, एवढ्या लांबून बोलायला मिळालं तर भातावर बोलतोय. पण आम्हाला नावाची गरजच लागली नाही. बाबांनी सेट बंद केला, दोन्ही हातांनी, देव पेटीत ठेवतात तसा. दार उघडून आत्याला म्हणाले, आहे तो. मग म्हणाले, आज भात टाक.

दहाव्याला मुसी नदीकाठी मी पिंड ठेवले. कावळा येईना. झाडावर बसले होते, पण एक खाली उतरेल तर शपथ. ऊन चढलं. भटजी म्हणाले, जीव कशात तरी अडकलाय, बोला काहीतरी. आत्या म्हणाली, धाकट्याचं लग्न करू. मी म्हणालो, दादाला आणू. काही नाही. मग बाबा पुढं आले, पिंडाशी वाकले, आणि तो निरोप त्यांनी शब्दाला शब्द म्हणून दाखवला, हिंदुस्थानीतच, वालिदा आणि अर्ज़ सकट, पेशकार कागद वाचून दाखवतो तसा. भटजी बघतच राहिले. आणि आई, कावळा आला. भाताच्या पिंडाला शिवला आणि उचलून घेऊन गेला. बाबांनी त्याच्या दिशेनं हात जोडले. त्यांच्या हिशेबी निरोप पोचला होता. म्हणून दादा परत आला तेव्हा ते म्हणाले, तिनं ऐकलं. माझ्या बाबांना खोटं बोलता येत नाही, हे तुलाही ठाऊक आहे.

पण दादाला कावळ्याचं कसं सांगायचं. त्याच्या मनात तू माजघरात सेटपाशी बसलेली आहेस. तीन-साडेतीन वर्षं तिकडं त्यानं तेच बघितलं असणार. काल अडकित्ता थांबला तेव्हा मी बाबांकडे बघितलं, ते सुपारीकडे बघत होते. मी म्हणालो, "आई काही बोलली नाही. उठली, तुळशीला कळशीभर पाणी घातलं, आणि आत येऊन भात टाकला." दादानं ऐकून घेतलं. "दिवेलागणीला पाणी?" त्यानं विचारलं. तू सकाळी घालायचीस. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तेव्हा बाबा म्हणाले, "त्या दिवशी घातलं," आणि परत सुपारी कातरायला लागले. दादा उठून अंगणात गेला. मी पहाटे पेटी उचलून निघालो तेव्हा तो वृंदावनापाशी उकिडवा बसून नळीवरची हिरवी पुटं नखानं खरवडत होता. म्हणाला, ही बदलायला पाहिजे. त्याला खरं काय कळलं, ते मी विचारलं नाही.

गाडीची घंटा झाली. जागीरदारांच्या सेटचे व्हॉल्व्ह नुसत्या कापसात गुंडाळलेत, आगगाडीच्या हादऱ्यात टिकायचे नाहीत, वरून गुंडाळायला या पत्राच्याच कागदांचा उपयोग होईल. त्याआधी एक सांगतो. तू बोललेलं मला सगळं आठवतं, मिठाचं, हत्तीचं, तुळशीच्या मुळाचं. पण आवाज आठवत नाही. खूप प्रयत्न करतो तेव्हा त्या सिंगापूरच्या माणसाचाच येतो.